पेपर तपासणाऱ्याचा पेपर

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)

स्कॅनर म्हटलं की आपल्या होस्टेलवाल्यांच्या डोळ्यांसमोर एकच वस्तू येते. झेरॉक्सच्या दुकानातली ती काच, त्यावर उलटी ठेवलेली मार्कशीट आणि खालून सरकत जाणारा उजेड. मी ज्या स्कॅनरबद्दल लिहिते आहे त्याला काच नाही आणि उजेडही नाही. तो एक प्रोग्रॅम आहे. नेटवर्कवरच्या एकेका संगणकाच्या दाराशी तो जातो, कडी हलवून बघतो आणि कुठे काय उघडं राहिलं आहे त्याची यादी आणून देतो. इंग्रजीत त्याचं नाव व्हल्नरेबिलिटी स्कॅनर.

या शब्दापाशीच माझी गाडी अडली. आमचं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटचं. मराठी तिसरी भाषा, तीही शंभरपैकी पास होण्यापुरती. व्हल्नरेबिलिटीला डिक्शनरीत ‘असुरक्षितता’ असा शब्द सापडला, पण ती तर मनाची अवस्था झाली! संगणकाला थोडीच रात्री एकटं वाटतं? मी राजापेठेत मामाकडे राहते. मामीला भाजी निवडता निवडता विचारलं, “मामी, भिंत चांगली आहे, पण एका जागेतून चोर हात घालू शकतो, तर त्या जागेला काय म्हणाल?” मामी म्हणाली, “फट म्हणतेत वं तिले. त्याले काय डिक्शनरी लागते?”

तेव्हा या लेखात फट. स्कॅनर म्हणजे फटी शोधणारा.

राजापेठेत रात्री गुरखा फिरतो. बडनेरा रोडवरची वाहनं कमी झाली की त्याच्या काठीचा आवाज ऐकू येतो. चौकातल्या दुकानांच्या शटरची कुलपं तो हाताने हलवून बघतो, आत शिरत नाही. स्कॅनरचं पहिलं काम असंच. एका संगणकाला टीसीपीची ६५,५३५ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबसाईट ८० वर, फाईल पाठवणारं एफटीपी २१ वर, विंडोजचं फाईल शेअरिंग ४४५ वर. स्कॅनर दार ठोठावतो, उत्तर आलं तर ‘आपण कोण?’ विचारतो, आणि आतला प्रोग्रॅम बहुधा भोळेपणाने आपलं नाव आणि व्हर्जन सांगून टाकतो. दारावरच्या पाटीसारखंच. मग स्कॅनर ती पाटी आपल्या वहीशी ताडून बघतो. १९९९ पासून जगभरात सापडलेल्या फटींना सीव्हीई नावाचा क्रमांक मिळतो. या वहीत त्याच नोंदी असतात, आणि प्रत्येकीला ० ते १० मध्ये मार्क. आपल्या उलट, इथे जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट. ९ च्या वर गेलं की ‘क्रिटिकल’.

ही विद्या काही नवी नाही. डॅन फार्मर आणि विट्झे वेनेमा या दोघांनी एप्रिल १९९५ मध्ये असा एक प्रोग्रॅम सगळ्यांना फुकट वाटला आणि त्याचं नाव ठेवलं सेटन, म्हणजे सैतान! चोरांच्या हाती किल्ल्यांचा जुडगा दिला म्हणून तेव्हा मोठा गदारोळ झाला. नाव ज्यांना झेपत नव्हतं त्यांच्यासाठी ‘रिपेंट’ नावाची एक कमांड होती. ती चालवली की पडद्यावर सेटनचा सँटा व्हायचा. (आमच्या शाळेतल्या सिस्टरना हे फार आवडलं असतं.) १९९७ मध्ये एनमॅप आला, १९९८ मध्ये नेसस. नेससचा सोर्स कोड २००५ मध्ये बंद झाला, तेव्हा काही मंडळींनी जुन्या मोकळ्या कोडवरून जी वेगळी चूल मांडली तिचं नाव ओपनव्हास. आम्ही मिनी प्रोजेक्टला हाच घेतला, कारण फुकट.

आमच्या ग्रुपमध्ये आम्ही तिघी. बाकी दोघी होस्टेलच्या. सिनॉप्सिस घेऊन गेलो तेव्हा गाईड सरांनी एकच प्रश्न विचारला. “स्कॅनर चालवणार हे कळलं. पण तो सांगतो ते बरोबर आहे हे कशावरून ठरवणार?”

आम्ही एकमेकींकडे बघितलं. प्रश्न साधा होता, पण त्याने अख्खा प्रोजेक्टच बदलला. आपला पेपर तपासून येतो, मार्क पटत नाहीत, आपण रिव्हॅल्युएशन टाकतो आणि कधी सातचे सतरा होतात. म्हणजे तपासणाराही चुकतो. त्याची परीक्षा घ्यायची तर एकच रस्ता आहे. ज्या उत्तरपत्रिकेतली प्रत्येक चूक आपल्याला आधीच ठाऊक आहे, अशी उत्तरपत्रिका त्याच्या गठ्ठ्यात सरकवायची. स्कॅनरसमोर असा संगणक ठेवायचा, ज्यातल्या फटी आपण स्वतः पाडल्या आहेत. मग बघायचं, त्याला किती सापडतात, किती सुटतात, आणि नसलेल्या किती दिसतात!

हे सगळं मामाच्या माडीवरच्या खोलीत केलं, होस्टेलच्या वाय-फायवर नाही. होस्टेलच्या वाचकांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरण्याची गोष्ट आहे, आणि तेच काम लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ‘सर, मी फक्त बघत होतो’ हे वाक्य रेक्टरसमोर चालत नाही, तर कोर्टात काय चालणार?

माडीवर दोन जुने पीसी, एक लॅपटॉप, एक स्विच आणि इंटरनेटची वायर काढून टाकलेली. वर पत्रा, बाहेर अमरावतीचा मे महिना, कूलरला पाणी टाकायची पाळी लावलेली. एका पीसीवर मेटास्प्लॉइटेबल २ बसवलं. सरावासाठी मुद्दाम फाटकं ठेवलेलं हे लिनक्स. त्यातला एफटीपीचा प्रोग्रॅम व्हीएसएफटीपीडी २.३.४. २०११ मध्ये त्याच्या मूळ साईटवरच्या प्रतीत कुणीतरी चोरदार घुसवलं होतं. लॉगिनच्या नावाशेवटी हसऱ्या चेहऱ्याची खूण टाकायची, म्हणजे कोलन आणि कंस, की ६२०० नंबरचं पोर्ट आपोआप उघडतं आणि आख्खा संगणक हाती येतो. एसएमएसमध्ये आपण टाकतो तीच खूण! स्कॅनरने हे झटक्यात पकडलं. दुसऱ्या पीसीवर जुनं, अपडेट न केलेलं विंडोज ७ होतं. त्याच्या ४४५ पोर्टवरची प्रसिद्ध फटही पकडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मामी चहा घेऊन वर आली आणि म्हणाली, “सापडला का चोर?”

मग आम्ही खोड काढली. तोच फाटका एफटीपी २१ वरून उचलला आणि ४०,०२१ वर नेऊन ठेवला. घर तेच, दार मागच्या बोळीत. पुन्हा स्कॅन. यादीत एफटीपीचं नावच नाही! कारण साधं आहे. सगळी ६५,५३५ दारं ठोठवायला वेळ लागतो, म्हणून स्कॅनर आपणहून एक छोटी यादी घेऊन निघतो. एनमॅप तर सांगितलं नाही तर नेहमीच्या १,००० पोर्टवरच जातो. ओपनव्हासची नेहमीची यादी मोठी आहे, पण तीत आमची मागची बोळ नव्हती. ‘सगळी दारं’ असं निवडल्यावर सापडलं. यूडीपी नावाची दुसऱ्या जातीची दारं आहेत, त्यांची गोष्ट आणखी न्यारी. बंद दार ‘मी बंद आहे’ असं सांगतं, पण लिनक्स हे उत्तर साधारण सेकंदाला एकच देतं. ६५,५३५ दारं म्हणजे अठरा तासांच्या वर. आमच्याकडे नवव्या तासाला लाईट गेली.

हे झालं सुटलेलं. आता नसलेलं दिसण्याची गंमत. लॅपटॉपवर डेबियन लिनक्स होतं, त्याच दिवशी पूर्ण अपडेट केलेलं. ओपनव्हास आपल्या प्रत्येक निष्कर्षावर स्वतःच्या खात्रीची टक्केवारी लिहितो आणि ७० टक्क्यांच्या खालचे निष्कर्ष लपवून ठेवतो. आम्ही ती मर्यादा खाली आणली मात्र, लॅपटॉपवर फटींची रांगच लागली. सगळ्या खोट्या! कारण हे की डेबियनवाले प्रोग्रॅमचं व्हर्जन तेच ठेवतात आणि दुरुस्ती आतल्या आत करतात. पाटी जुनी, कुलूप नवं. आमच्या गल्लीत एका घरावर अजून आजोबांच्या नावाची पाटी आहे. पोस्टमन नवा असला की फसतो. स्कॅनर पाटी वाचून बोंब ठोकत होता. त्याला लॅपटॉपचं लॉगिन दिलं, आत जाऊन प्रत्यक्ष पॅकेजेस मोजू दिली, तेव्हा बोंब थांबली.

ही ‘लांडगा आला रे आला’वाली चूक लोकांना मोठी वाटते, कारण ती आवाज करते. चाळीस पानी रिपोर्ट येतो, ऑफिसातला माणूस पहिले दोन दिवस वाचतो, तिसऱ्या दिवशी ठेवून देतो. पण मला जास्त भीती वाटायला लागली ती गप्प चुकीची. टक्केवारीची मर्यादा वर ठेवा, रिपोर्ट सुबक होतो. खाली आणा, रिपोर्ट घाबरवतो. संगणक दोन्ही वेळा तोच. मग रिपोर्ट कुणाचा म्हणायचा, संगणकाचा की मर्यादा ठरवणाऱ्याचा?

आणि काही गोष्टी कोणत्याही मर्यादेत दिसत नाहीत. आम्ही एक छोटं वेब पेज केलं होतं, नाव टाका, बॅलन्स बघा असं. मुद्दाम कच्चं, नावाच्या जागी एसक्यूएलचा तुकडा टाकला तर सगळ्यांचा बॅलन्स दिसेल असं. आमचा नेटवर्क स्कॅनर त्यावरून शिट्टी वाजवत निघून गेला. त्याच्या वहीत जगाला माहीत असलेल्या फटी आहेत. आम्ही तिघींनी माडीवर पाडलेली फट त्याच्या वहीत कुठून येणार?

एवढ्यात मामा मध्ये आले. मामा एका छोट्या पतसंस्थेत अकाउंटंट आहेत (नाव लिहीत नाही, तसं सांगूनच परवानगी मिळाली आहे). पाच संगणक, एक प्रिंटर, ठेवीदार बहुतेक राजापेठेतले आणि आजूबाजूच्या खेड्यांतले. संत्र्याचे पैसे आले की ठेवणारे, पोरीच्या लग्नाला काढणारे. मामा म्हणाले, “तुमचं थे यंत्र आमच्याइथं लावून पाय ना एकडाव. ऑडिटवाले विचारतेत, सिक्युरिटी काय करता म्हून.”

लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीचं पत्र, त्यात तारीख, वेळ, कोणते पाच संगणक, हे सगळं लिहून घेतल्याशिवाय सरांनी पाऊल टाकू दिलं नाही. रविवारी गेलो. आधी प्रिंटरमधले कागद काढले. नेटवर्कवरच्या प्रिंटरला ९१०० नंबरच्या दारावर काहीही विचारलं की तो तेच छापत बसतो. म्हणून तर एनमॅप ९१०० ते ९१०७ या दारांना आपणहून व्हर्जन विचारत नाही. मामांनी कागद मोजून कपाटात ठेवले. “वाया गेले तं माह्याच पगारातून कापतीन.”

निकाल असा आला. एक जुना संगणक लाल, विंडोज ७, तीच ४४५ ची फट. बाकी चार स्वच्छ. अध्यक्ष खूश झाले. पाचातले चार पास म्हणजे डिस्टिंक्शनच की! मला म्हणाले, “बेटा, एका कागदावर लिहून दे, एक सोडून बाकी संगणक सुरक्षित आहेत. फाईलला लावतो.”

पण चार तास त्या खोलीत बसून मला दिसलं होतं ते स्कॅनरला दिसणारं नव्हतं. पाचही संगणकांचा ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्ड एकच, आणि तो मॉनिटरच्या कडेला चिठ्ठीवर.

इथे मला न्हावा शेव्याची गोष्ट सांगावी लागेल, अध्यक्षांना सांगितली तशीच. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने त्या ४४५ च्या फटीवर ठिगळ दिलं. एमएस१७-०१० त्याचं नाव. १२ मेला वॉनाक्राय आला आणि ज्यांनी ठिगळ लावलं नव्हतं त्यांचे संगणक दीडशेच्या आसपास देशांत कुलूपबंद झाले. इथपर्यंत स्कॅनरची बाजू भक्कम आहे. मार्च ते मे या दोन महिन्यांत स्कॅन केला असता तर फट दिसली असती. मग २७ जून २०१७ ला नॉटपेट्या आला. त्याची सुरुवात युक्रेनमध्ये, तिथल्या हिशेब-कराच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. म्हणजे पुढच्या दाराने, पाहुणा म्हणून! आत आल्यावर तो तीच ४४५ ची फट वापरायचा, पण तेवढ्यावर थांबायचा नाही. ज्या संगणकात शिरला त्याच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचा आणि त्याच पासवर्डने शेजारच्या संगणकात रीतसर लॉगिन करायचा. शेजाऱ्याने ठिगळ लावलेलं असलं तरी. मर्स्क या जहाज कंपनीचं जगभरचं कामकाज बंद पडलं, आणि आपल्या रायगड जिल्ह्यात न्हावा शेव्याला, जवाहरलाल नेहरू बंदरात, मर्स्कच्या गटाकडे असलेल्या टर्मिनलचं काम ठप्प झालं. नंतर जानेवारी २०१८ मध्ये दावोसला कंपनीच्या अध्यक्षांनी सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी नव्याने उभे करावे लागले.

ठिगळ लावलेला संगणक स्कॅनरच्या यादीत स्वच्छच दिसतो. अध्यक्षांच्या चार संगणकांसारखा. पाचवा पडला असता तर तो एकच पासवर्ड घेऊन चोर चारही घरांत किल्लीने दार उघडून गेला असता.

म्हणून मी लिहिलं: ‘अमुक तारखेला, अमुक पोर्टांवर, बाहेरून बघितले असता चार संगणकांत ज्ञात फट आढळली नाही. एकात आढळली. पाचही संगणकांचा पासवर्ड एकच असल्याने चार संगणक सुरक्षित आहेत असे या तपासणीवरून म्हणता येत नाही.’ अध्यक्षांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, “शेवटचं वाक्य काढ. ऑडिटवाला उगाच प्रश्न विचारेल.”

मी म्हटलं, “सर, प्रश्न विचारावा म्हणूनच लिहिलंय.”

मामा काही बोलले नाहीत. घरी येताना गाडीवरही नाही. रात्री जेवताना म्हणाले, “काऊन वं, एक ओळ काढून टाकली असती तं तुह्या कॉलेजची इज्जत गेली असती का? मले रोज त्याहीच्या समोर बसा लागते.” मामांचं खोटं नव्हतं. मी वीस वर्षांची, प्रोजेक्टचे मार्क घेऊन मोकळी होणार. त्यांची अजून नऊ वर्षांची नोकरी आहे. मला उत्तर देता आलं नाही. मामीने दोघांच्या ताटात भाकरी वाढली आणि मामांनाच विचारलं, “आपले पैसे बी त्याच सोसायटीत हायेत ना हो?” मामा मान खाली घालून जेवत राहिले. पुढचे आठ दिवस ते माझ्याशी ‘गाडीची चावी दे’ यापलीकडे बोलले नाहीत.

नवव्या दिवशी संध्याकाळी माडीवर आले. खिशातून वही काढली. “पाच येगयेगळे पासवर्ड कराचे अस्तीन तं कसे कराचे? लक्षात राह्यले पायजे अन् सापडले नाई पायजे.” आम्ही बसून केले. काय केले ते अर्थातच लिहीत नाही. मामांनी ते वहीत लिहून वही संस्थेच्या तिजोरीत ठेवली. त्या विंडोज ७ ची नेटवर्कची वायर काढली आहे. त्यावर फक्त जुने शेअर सर्टिफिकेट छापतात, त्यासाठी नेटवर्क लागतच नव्हतं. माझं पत्र फाईलला लागलं की नाही ते मामांनी सांगितलेलं नाही आणि मी विचारलेलं नाही.

सरांनी प्रोजेक्टमध्ये एक सुधारणा सांगितली आहे. निकालाच्या तक्त्यात ‘सापडले’ आणि ‘सापडले नाही’ या दोन रकान्यांशेजारी ‘बघितलेच नाही’ असा तिसरा रकाना टाका म्हणाले. तो भरायला घेतला तर पहिल्या दोन्हींपेक्षा लांब होतो आहे. यूडीपीचे अठरा तास अजून बाकी आहेत, मामी म्हणते इन्व्हर्टर घ्या. दिवाळीनंतर पतसंस्थेत पुन्हा स्कॅन करायचा असं मामा म्हणतात. अध्यक्षांच्या सहीचं पत्र अजून यायचं आहे.